तीन नावं एका ओळीत

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार

…कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या, ह्यांचा डबा भरून झाला होता, सारंग शाळेच्या बसला गेला होता, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओल्या कपड्यांचा बांबू बाहेर सरकवत होते. १९९० साल. परदेशातल्या ह्या फ्लॅटमध्ये येऊन चौथाच दिवस. चादर जड, बांबू त्याहून जड. तो खालच्या मजल्यावर कोणाच्या डोक्यात पडतो की काय, म्हणून मी सारखी खालीच बघत होते. शेजारच्या खिडकीतून एक बाई ओरडली, “खाली बघू नकोस! आधी टोक वर कर, मग घाल!” तिने आपला बांबू एका हाताने करून दाखवला. तसं केलं आणि जमलं. मग तिने नाव विचारलं.

मी म्हणाले, “नंदा.”

सोळा वर्षं मी सुचित्रा होते. मिरजेच्या मांडवात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने ते नाव लिहिलं, त्या दिवसापासून नंदा म्हणून मला कोणी हाक मारलेली नव्हती. आणि बांबू धरून दमलेल्या तोंडातून तेच बाहेर पडलं. सुधारायचं राहून गेलं. रोकिया मला आजही नंदा म्हणते. मी तिला काक रोकिया म्हणते. काक म्हणजे मलायमध्ये ताई.

ही सकाळ आज आठवायचं कारण सारंगचा फोन. ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, इंग्रजीच्या परीक्षेला मी बाहेरून बसणार आहे. कम्युनिटी क्लबातले सर दोन वर्षं मागे लागले होते. सारंग म्हणाला, “फॉर्म मी ऑनलाइन भरतो. नाव आयसीवर आहे तसंच लागतं.”

आयसी म्हणजे इथलं ओळखपत्र, त्यावर मी सुचित्रा आहे. मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि मग हातातलं काम सुचेना.

८ फेब्रुवारी, सोमवार

चिनी नवीन वर्ष. ब्लॉकखाली सिंहाचा नाच आणि ढोल. बाकी सगळं बंद.

कपाटातून शाळेचा दाखला काढला. कुमारी नंदा गोविंद फणसळकर, इयत्ता आठवी, वर्गात पहिली. आई गेली आणि घरात धाकटी भावंडं तीन, म्हणून शाळा सुटली. दाखला घेताना बाई म्हणाल्या होत्या, “नंदा, पुढचं वर्ष राहिलंय तुझं, लक्षात ठेव.” मी लक्षात ठेवलं. सारंगची पहिलीची पुस्तकं मी त्याच्याबरोबर वाचली, दुसरीची त्याच्या आधी. मग सेम्बावांगची लायब्ररी. शब्दकोश तीन झिजले. कोणी शिकवलं नाही, हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

ते राहिलेलं वर्ष नंदाचं आहे. परीक्षा सुचित्राने का द्यावी?

नाव का बदललं, तेही लिहून ठेवते. सासूबाईंचं नाव नंदा होतं. सुनेचं तेच असून कसं चालेल? मुलगा बायकोला आईच्या नावाने हाक मारणार का? कोणी वाईट हेतूने केलं नाही. बैठकीत पाच मिनिटांत ठरलं. मला लग्नाच्या दिवशी ताटात वाचून कळलं. लिहिताना ह्यांनी पहिलं अक्षर काढलं, तळहाताने तांदूळ सपाट केले आणि पुन्हा लिहिलं. बायका हसल्या, नवरदेव इंजिनियर आहे की अंगठेबहाद्दर! हे लाजले. अक्षर ह्यांचं पहिल्यापासून वाईटच.

हे मला कधीच नावाने हाक मारत नसत. “अगं” किंवा “ऐकलंस का.” चाळीस वर्षं. त्या पिढीत तसंच होतं.

१४ फेब्रुवारी, रविवार

सारंग, सूनबाई अश्लेषा आणि नात ऋचा सेंगकांगहून जेवायला आले. साबुदाण्याचे वडे केले. दुसरा घाणा निघाल्यावर मी सांगितलं, की मला आयसीवरचं नाव बदलायचंय. नंदा करायचंय.

सारंगने वडा खाली ठेवला. “कशाला?”

“माझं आहे म्हणून.”

“आई, बँक, सीपीएफचा फंड, पासपोर्ट, फ्लॅटचे कागद… तुला कल्पना आहे का किती ठिकाणी बदलावं लागेल?”

“यादी केलीय मी. अकरा ठिकाणं.”

अश्लेषा हसली. सारंग हसला नाही. म्हणाला, “बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय. त्यांनी ठेवलेलं नाव. ते असताना का नाही बदललंस?”

खरं सांगायचं तर हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आहे.

मग तो जरा हळू म्हणाला, “माझ्या जन्मदाखल्यावर आई सुचित्रा आहे. मग ती कोण?”

सदतीस वर्षांचा माणूस. पण तोंड असं केलं होतं, की जणू शाळेच्या बसमधून उतरला आणि खाली आई दिसली नाही.

ऋचा तेवढ्यात म्हणाली, “आज्जी, कॅन लाह! माझ्या क्लासमधल्या जास्मिनने पण चेंज केलं. व्हाय नॉट?” सारंगने तिला इंग्रजीत दटावलं. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. नऊ वर्षांची!

उरलेले वडे डब्यात घालून दिले. जाताना सारंग नेहमीसारखा पाया पडला, पण “येतो” म्हणायचं विसरला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले.

बाजाराच्या ब्लॉकमध्ये क्लिनिकच्या वरती एक वकिलाचं ऑफिस आहे, तिथे. वकील म्हणजे मिस गोह, सारंगहून लहान. मला वाटलं होतं, कारण विचारतील, साक्षीदार मागतील, कोर्टात जावं लागेल. तसं काही नाही. डीड पोल नावाचा एक कागद असतो. जुनं नाव सोडलं, नवं घेतलं, इथून पुढे मला ह्याच नावाने ओळखा, असं आपणच आपल्याबद्दल जाहीर करायचं. वकिलासमोर सही करायची. मग तो कागद इमिग्रेशनच्या ऑफिसात दाखवून नवीन आयसी घ्यायचं.

“नवऱ्याची परवानगी?” मी विचारलं. सवयीने.

“नाही, आंटी. कोणाचीच नाही.”

दोनदा विचारून घेतलं.

त्यांनी नवीन पूर्ण नाव लिहायला सांगितलं. फणसळकर लिहू का, असं क्षणभर मनात आलं. पण माझी सगळी वर्षं खांबेट्यांकडे गेलीत, ती मला परत करायची नाहीत. मी लिहिलं, नंदा विश्वास खांबेटे. लिहून झाल्यावर बघत बसले. ही तीन नावं ह्या आधी कधी एका ओळीत आलीच नव्हती.

मिस गोहने आणखी एक मार्ग सांगितला. नव्या नावापुढे एक खूण करून जुनंही ठेवता येतं, आयसीवर दोन्ही छापतात. “बरेच लोक ठेवतात. घरच्यांना बरं वाटतं.” विचार करून सांगते म्हटलं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पुण्याहून वन्संचा फोन. सारंगनेच सांगितलं असणार. शुभदावन्सं ह्यांच्या धाकट्या बहीण. आमचं वाकडं कधी नव्हतं.

“वहिनी, हे काय ऐकतेय मी? आईचं नाव घेणार तुम्ही?”

“माझं नाव घेणार आहे, वन्सं.”

“तेच ते. आई जाऊन वीस वर्षं झाली, दादा गेला. आता तिच्या जागी बसायचंय होय?”

“त्यांच्या जागी बसून मी काय करू? इथे सेम्बावांगला राहते मी.”

“चेष्टा नका करू. आईने काय कमी सोसलं? तिचंही बदललंच की! द्वारकेची नंदा झाली ती सोळाव्या वर्षी. एका शब्दाने बोलली नाही.”

त्यांच्याकडे बाहेरून रिक्षाचा आवाज येत होता.

मग मी विचारलं, “द्वारका?”

“माहेरचं. आजोळी तिला द्वारकी म्हणायचे. मला मामाने सांगितलं, तेसुद्धा ती गेल्यावर.”

म्हणजे ज्या नावासाठी माझं नाव काढून घेतलं, ते त्यांचं नव्हतंच. बावीस वर्षं, आधी रोज आणि इथे आल्यावर सुट्टीत, सासरच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी शेजारी बसून भाजी निवडली. सुट्टीला गेले की त्या मला “सुचित्रे” म्हणून हाक मारायच्या, आणि हाक मारायच्या आधी अगदी थोडं थांबायच्या. मला वाटायचं, दम लागतो.

वन्सं फोन ठेवताना म्हणाल्या, “जेवलात का?” म्हणजे राग गेलेला नाही, पण उद्या फोन येईल.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

मसुदा आला. मिस गोहच्या टेबलाशी बसून बोट ठेवून एकेक ओळ वाचली. त्या म्हणाल्या, “आंटी, स्टँडर्ड आहे, नुसती नजर टाका.” मी म्हटलं, मला नजर टाकता येत नाही, मी वाचते.

आणि बरं झालं वाचलं. तिसऱ्या ओळीत “नंदा डॉटर ऑफ विश्वास खांबेटे”! इथल्या तमिळ नावांमध्ये बापाचं नाव तसं लावतात. टायपिस्टने बघितली इंडियन बाई, आणि सवयीने लावून टाकलं. मला ह्यांची मुलगी करून ठेवलं! मी इतकी हसले, की बाहेरची रिसेप्शनिस्ट डोकावली. मिस गोहला समजावून सांगितलं, की आमच्यात मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं. त्या लाजल्या, मग त्याही हसल्या. म्हणाल्या, “पाच वर्षांत माझी चूक क्लायंटने पकडली, असं पहिल्यांदाच झालं. तुम्ही काय करता, आंटी?”

मी म्हणाले, “विद्यार्थिनी आहे.”

घरी येईपर्यंत ताठ चालत आले. ह्यांना सांगायला हवं होतं. पोट धरून हसले असते. शिपयार्डमधल्या जुन्या मित्रांना सांगत सुटले असते.

२८ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्त केलेला मसुदा घरी वाचायला आणलाय. चौथ्या परिच्छेदात अडकले.

तिथे लिहिलंय की मी माझ्या पूर्वीच्या नावाचा वापर पूर्णपणे सोडून देते, त्याचा त्याग करते. त्यातला “रिनाउन्स” शब्द मला माहीत होता. तरी शब्दकोश काढला. संन्यास घेताना माणूस जे करतो ते, असा एक अर्थ दिलाय.

सुचित्राने काय वाईट केलं होतं? सारंग तिला झाला. ह्यांची तीन ऑपरेशनं तिने काढली. हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर सही तिची आहे. तिचा त्याग करते, असं मी लिहून द्यायचं? आणि ज्या माणसाने तांदळात ते नाव लिहिलं, त्याला आता विचारायची सोय नाही.

खूण करून दोन्ही ठेवावीत का? सारंगला बरं वाटेल. वन्संना वाटेल. मला? मला वाटतं, एका माणसाने दोन चपला वेगवेगळ्या घालून फिरावं तसं.

संध्याकाळी सहा वाजता चहाचं आधण ठेवायला उठले. हे कामावरून यायचे तेव्हा आधी रोकियाच्या दाराशी ह्यांचा आवाज यायचा, दोन शब्द बोलायचे तिच्याशी, आणि तो आवाज आला की मी आधण ठेवायची. निवृत्त झाल्यावर फिरून यायचे तेव्हाही तसंच. दारात येईपर्यंत पाण्याला उकळी. आता आवाज नाही, म्हणून वेळ चुकते. कधी फार लवकर ठेवते, कधी विसरते.

५ मार्च, शनिवार

सही केलेली नाही. परीक्षेचा फॉर्म महिनाअखेरीला बंद होतो, त्याच्या आत आयसी हातात पाहिजे. मिस गोहचा दोनदा फोन येऊन गेला.

सारंग एकटाच आला. नळाचा वॉशर बदलला, ह्यांच्या फोटोला हार घातला. फॉर्मची माहिती टाईप करून आणली होती, मी तपासली की तो ऑनलाइन भरणार. पत्ता, जन्मतारीख, विषय, परीक्षा केंद्राची पसंती, सगळं नीट. नावाची रेघ मात्र कोरी. एवढा मोठा मॅनेजर, आणि पहिलीच ओळ विसरला! मी म्हटलं, अरे, हे राहिलं. तो म्हणाला, “राहू दे. ते तू सांगशील तेव्हा भरू.”

निघताना म्हणाला, “आई, ते ताटातलं… बाबांनी खरंच आवडीने ठेवलं होतं का गं ते नाव?”

मला काय माहीत? मी कधी विचारलंच नाही.

“येतो” म्हणाला आज.

१० मार्च, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रोकियाकडे खोबरेल तेल द्यायला गेले होते. तिचे गुडघे दुखतात, ती दारातच लोखंडी जाळीमागे खुर्ची टाकून बसते. मी तिला सगळं सांगितलं. इतकी वर्षं मी तिच्याशी खोटं बोलले असं तिला वाटेल, ह्या भीतीने कधी सांगितलं नव्हतं. आयसी दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

“सु-चित-रा. ही कोण?”

“मीच.”

“आणि नंदा?”

“तीही मीच. आधीची. सासूचं नाव तेच होतं, म्हणून नवऱ्याला ते घेता येत नव्हतं.”

रोकियाने चष्मा काढला. मग म्हणाली, “कोणाला घेता येत नव्हतं? विश्वासला?” आणि इतक्या मोठ्याने हसली, की मांडीवरचं मांजर उतरून गेलं. “अरे देवा! रोज, नंदा, रोज! कामावरून आला की इथे थांबायचा. टोपी काढायचा. मला विचारायचा, ‘काक, इज नंदा होम?’”

मी म्हटलं, किल्लीसाठी विचारत असतील.

“कसली किल्ली? तुझी चप्पल दारात दिसायची. तुझ्या फोडणीचा वास यायचा. मी म्हणायची, विश्वास, डोळे नाहीत का तुला? आहे घरात नंदा. तो म्हणायचा, ‘ओ, नंदा इज होम. थँक यू, काक.’ दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं, तुमच्या लोकांत पद्धत असेल, बायको घरात आहे का ते शेजारणीला विचारून आत जायची!”

मी जाळी धरून उभी राहिले.

“शेवटी आजारी होता ना,” ती म्हणाली, “ॲम्ब्युलन्सची माणसं त्याला लिफ्टकडे नेत होती, तू आत पिशवी भरत होतीस. तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, येतेय नंदा, येतेय.”

चोवीस वर्षं तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. आवाज ऐकला आणि आधण ठेवलं. शब्द काय आहेत, ते बघायला एकदाही दारात गेले नाही.

घरी येऊन फोटोसमोर बसले. रडले असं लिहायला हवं, पण रडले नाही. फार अभिमान वाटत होता. ह्यांचा. आणि माझाही, की रोज संध्याकाळी कोणी तरी चोरून घ्यावं असं माझं नाव होतं.

सारंगला फोन केला, जाळीशी झालेलं सगळं सांगितलं. मागे ऋचा विचारत होती, “बाबा, व्हाय यू क्राइंग?” मी म्हटलं, तुझ्या दाखल्यावरचं नाव कोणी बदलत नाही. सुचित्राने तुला जन्म दिला, ते तसंच राहणार, मीही बदलू देणार नाही. तो म्हणाला, “हो, आई.” मग म्हणाला, “बरोबर येऊ का उद्या सहीला? सुट्टी टाकतो.”

नको म्हटलं. मी जाईन एकटी. तू कोरी रेघ भर.

मिस गोहला निरोप ठेवला, खूण नको, एकच नाव.

वन्संनाही कळवलं. त्या म्हणाल्या, “दादा असा होता?” आणि नाक ओढलं. मग म्हणाल्या, “वहिनी, एक सांगू? मलाही नाही हो आठवत, त्याने तुम्हाला सुचित्रा म्हटलेलं.”

११ मार्च, शुक्रवार

सकाळी कुकर लावला, कपडे बांबूवर घालून बाहेर सरकवले, चप्पल घालताना रोकियाला “जाते गं” म्हटलं. दहा वाजता वकिलाच्या ऑफिसात चौथा परिच्छेद पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला, त्याखाली सुचित्राची शेवटची सही केली, आणि तिच्या शेजारी नंदा विश्वास खांबेटे अशी पहिली.